नातवंडाची गाडी आणि आजीची पाठ

गेल्या वर्षी पेरणीच्या दिवसांत एक आजी दोन्ही हातांनी कंबर धरून माझ्या दवाखान्यात आल्या. वय ६६. सोबत सून होती आणि सुनेच्या कडेवर चौदा महिन्यांचा गुटगुटीत नातू. घरातील सर्वजण सोयाबीनच्या पेरणीला शेतावर जात आणि नातवाचा दिवसभराचा सांभाळ आजींकडे असे. अंगणवाडी, किराणा दुकान, देऊळ, लसीकरणाचा दिवस, सर्वत्र नातू कडेवर. त्या दिवशी खाली बसलेल्या नातवाला वाकून उचलताना पाठीत एकदम कळ आली आणि त्यांना सरळ उभे राहणे अशक्य झाले. वाशीमला पाठवून एक्स-रे काढविला, तेव्हा पाठीचा एक मणका दबल्याचे दिसले. हाडे आधीच ठिसूळ झालेली होती. वाकून उचललेले दहा किलोंचे वजन केवळ निमित्त ठरले.

औषधे, कॅल्शिअम आणि विश्रांती यांविषयी सांगून झाल्यावर मी म्हटले, "मावशी, आता नातवाला कडेवर घेणे बंद. मुलाला एक हलकी बाबागाडी आणायला सांगा." त्यांचा चेहरा एकदम उतरला. "बाई, लेकराले गाडीत टाकून नेलं त लोक काय म्हणतीन? आजीले नातू जड झाला म्हणतीन."

वाचकहो, हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहीत आहे. मंगरुळपीर तालुक्यातील आमच्या आसेगावासारख्या गावात बाबागाडी ही अजूनही शहरातील माणसांची चैन समजली जाते. माझ्याकडे येणाऱ्या, पाठ, गुडघे व खांदे दुखणाऱ्या आजी-आजोबांना मी जेव्हा विचारते, "घरात लहान मूल आहे का?", तेव्हा अनेकदा उत्तर "हो" असे येते. मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, एम.बी.बी.एस. झालेली साधी गावडॉक्टर आहे. परंतु मी स्वतःही आता आजी झाले आहे. त्यामुळे पुढील मजकुरात दवाखान्यातील अनुभवाबरोबर घरातला अनुभवही आहे.

कडेवरचे ओझे

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यानुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन सुमारे साडेनऊ किलो व मुलीचे सुमारे नऊ किलो असते. दोन वर्षांचे होईतो ते बारा किलोंच्या आसपास जाते. म्हणजे आपण धान्याची एक गोणपिशवी शरीराच्या एकाच बाजूस धरून चालत असतो. कंबर एकीकडे झुकते, दुसऱ्या बाजूचे स्नायू ताणले जातात, आणि मूल मध्येच मागे झुकले की तोल सांभाळण्यासाठी पाठीला झटका बसतो. तिशीतील आईची हाडे व स्नायू हे सोसतात. पासष्टीनंतर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना, हेच ओझे महागात पडू शकते. शिवाय मूल कडेवर असताना पायाखालचा दगड दिसत नाही. पडलो तर हात टेकता येत नाही, आणि आपल्यासोबत मूलही पडते.

तेव्हा मुलाला गाडीत बसविणे म्हणजे माया कमी होणे नव्हे. अंतर गाडीने कापावे आणि पोहोचल्यावर मुलाला मांडीवर घ्यावे, इतकाच हा बदल आहे.

एका आजोबांनी घडविलेली गाडी

छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी, जिला दुकानात 'अम्ब्रेला स्ट्रोलर' म्हणतात, ती एका आजोबांच्या डोक्यातून निघाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटनमधील विमान अभियंते. स्पिटफायर या प्रसिद्ध लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. साठीच्या उंबरठ्यावर असताना नातवंडाची जड बाबागाडी प्रवासात किती गैरसोयीची होते, हे त्यांच्या लक्षात आले. विमानाची चाके जशी मिटून पोटात जातात, तशी गाडीही मिटली पाहिजे, या विचाराने त्यांनी अॅल्युमिनिअमच्या नळ्यांची गाडी तयार केली. १९६५ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ साली ती विक्रीस आली. वजन तीन किलोंहूनही कमी. आज बाजारात मिळणाऱ्या अशा गाड्या साधारणपणे चार ते सात किलोंच्या असतात. पट्टे, टप व ब्रेक वाढल्यामुळे वजनही वाढले.

आधी बाळाचे वय पाहा

येथे सर्वांत मोठी चूक होते. छत्रीगाडीची बैठक कापडाची व झोळीसारखी असते आणि पाठ बहुधा सरळच राहते. ज्या बाळाची मान धरलेली नाही, ज्याला आधाराशिवाय बसता येत नाही, त्याची हनुवटी अशा बैठकीत छातीवर टेकते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. म्हणून साधारण सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे मूल नीट बसू लागेपर्यंत, ही गाडी वापरू नये. तान्ह्या बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी वेगळी असते. वयाच्या आकड्यापेक्षा बाळ काय करू शकते, हे पाहणे अधिक योग्य. कमी दिवसांच्या बाळाला बसायला अधिक वेळ लागतो.

दुकानात 'वॉकर' मागू नका. गोल चौकटीत मूल उभे करून पायाने ढकलत फिरावयाचा वॉकर ही वेगळीच वस्तू आहे. त्यात बसलेले मूल पायऱ्यांवरून, उंबऱ्यावरून, चुलीकडे वेगाने जाते. त्यामुळे मूल लवकर चालायला शिकते, हाही गैरसमज आहे. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्या मानाने पुष्कळ बरा. त्यात मूल स्वतः उभे राहून ढकलते आणि आपण शेजारी असतो.

निवडताना काय तपासावे

आमच्या आजींच्या मुलाने पहिली गाडी मोबाईलवर पाहून मागविली. ती आली, उघडली आणि दोन दिवसांत माळ्यावर गेली. मुठी इतक्या बुटक्या होत्या की आजींना पुन्हा वाकावे लागे, आणि पहिल्याच पावसात आमच्या काळ्या मातीचा चिखल बसून लहानशी चाके फिरेनाशी झाली. म्हणून पहिला नियम असा, की जी व्यक्ती गाडी ढकलणार आहे, तिने स्वतः दुकानात जाऊन ती ढकलून, मिटून व उचलून पाहावी.

मुठीची उंची. सरळ उभे राहून मूठ धरली असता कोपर किंचित वाकलेले असावे आणि मूठ कमरेच्या किंवा बेंबीच्या पातळीवर यावी. आजोबा उंच व आजी ठेंगण्या असल्यास जो अधिक वेळ गाडी ढकलणार, त्याच्या मापाची घ्यावी. मागच्या चाकांना आपली पावले अडखळत नाहीत ना, हेही चार पावले चालून पाहावे.

चाके. गुळगुळीत फरशीवर सर्व गाड्या सुरेख धावतात. खडीवर, गटाराच्या जाळीवर व मातीत लहान चाके अडकतात आणि गाडी एकदम थांबून पुढे झुकते. खेड्यासाठी त्यातल्या त्यात मोठी चाके असलेली गाडी निवडावी. पुढची चाके वळणारी असतात. खराब रस्त्यावर ती सरळ ठेवण्यासाठी खटका आहे का, ते विचारावे. आमच्या गावात सिमेंटचा रस्ता जेथवर आहे, तेथवर गाडी सुखाने जाते. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर ती नेण्याचा अट्टहास करू नये.

पट्टा. दोन खांदे, दोन बाजूंची कंबर आणि पायांच्या मधला, असा पाच टोकांचा पट्टा सर्वोत्तम. केवळ कमरेचा पट्टा असला, तर मूल खाली घसरते किंवा उभे राहते. बक्कल आपल्या बोटांना उघडता येते का, हे पाहावे. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना काही बक्कले उघडतच नाहीत, आणि मग पट्टा लावणेच सुटते.

ब्रेक. एका पायाने दाबून दोन्ही मागची चाके एकदम अडली, तर उत्तम. काही गाड्यांना दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. तेव्हा दोन्ही लावण्याची सवय करावी. ब्रेक लावून गाडी ढकलून पाहावी.

मिटण्याचा खटका. बऱ्याच गाड्यांत खटका पायाने उचलावा लागतो. क्षणभर एका पायावर उभे राहणे ज्यांना जमत नाही, त्यांनी भिंतीचा आधार घ्यावा किंवा हाताने मिटणारी गाडी घ्यावी. गाडी उघडल्यावर खटका बसल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. अर्धवट उघडलेली गाडी मुलासकट मिटू शकते.

वजन. मिटलेली गाडी एका हाताने उचलून दोन पायऱ्या चढता येतील इतकीच जड असावी. गाडी किती वजनाच्या मुलासाठी आहे, हे तिच्यावर लिहिलेले असते. ही मर्यादा अनेकदा १५ किलो असते. युरोपीय मानक ईएन १८८८ किंवा अमेरिकी मानक एएसटीएम एफ ८३३ यांचा उल्लेख असल्यास ती जमेची बाजू समजावी.

कुणाची वापरलेली गाडी मिळाली, तरी कमीपणा मानू नये. मात्र ढिले स्क्रू, डुगडुगणारे चाक, विरलेला पट्टा किंवा तुटलेले बक्कल असेल, तर ती भंगारातच जाऊ द्यावी.

बिजागरीत बोट

गाडी उघडताना वा मिटताना मूल हाताच्या अंतरावर असू नये. २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख छत्रीगाड्या सुधारणेसाठी परत घेण्याची घोषणा झाली, कारण बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. गाडी नामांकित होती. बिजागरी कुठलीही असो, तिला बोट ओळखता येत नाही. क्रम असा ठेवावा: मूल दूर, गाडी उघडली, खटक्याचा आवाज ऐकला, ब्रेक लावला, मग मूल बसविले आणि लगेच पट्टा. उतरविताना आधी ब्रेक, मग पट्टा, मूल कुणाच्या तरी हाती किंवा ओट्यावर, आणि शेवटी गाडी मिटणे.

गाडी ही आपली काठी नव्हे

ज्येष्ठ वाचकांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. गाडीच्या मुठी हाती आल्या की आधार मिळाल्यासारखे वाटते आणि नकळत आपण तिच्यावर भार टाकू लागतो. चार-पाच किलोंची ही गाडी साठ किलोंच्या माणसाला सावरू शकत नाही. आपण अडखळलो, की ती पुढे पळते किंवा मागे उलटते. ज्यांना एरवी चालताना काठी लागते, उठताना चक्कर येते, मधुमेहाने तळपाय बधिर झाले आहेत किंवा मोतीबिंदूमुळे खड्डे दिसत नाहीत, त्यांनी गाडी घेऊन एकट्याने रस्त्यावर जाऊ नये. छत्रीगाडीच्या मुठी दोन व सुट्या असतात. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाती गाडी, हे जमत नाही.

आणखी एक गोष्ट. बैठक खालच्या पातळीवर असल्याने मुलाला ठेवताना-काढताना वाकावे लागतेच. त्यासाठी ब्रेक लावून गाडीसमोर खुर्चीवर किंवा ओट्यावर बसावे आणि बसल्या जागी मुलाला जवळ ओढून मांडीवर घ्यावे. उभ्यानेच उचलणे भाग असल्यास एक पाय पुढे ठेवून गुडघ्यांत वाकावे, मूल छातीशी घ्यावे, मग उठावे. उचलताना कंबर वळवू नये. दीड वर्षांपुढचे मूल स्वतः चढू-उतरू शकते. त्याला ते करू द्यावे. त्याला ते आवडतेही.

माझी स्वतःची चूक

आता थोडे माझ्याविषयी. नातू दीड वर्षांचा असताना मी त्याला घेऊन बाजारात गेले. दोन किलो बटाटे, कांदे व कोथिंबिरीची पिशवी सरळ गाडीच्या मुठीला अडकवली. भाजीवालीला पैसे देण्यासाठी हात सोडला, त्याच क्षणी नातवाने मागे रेलून आभाळातले पाखरू पाहिले आणि गाडी मागे उलटली. पट्टा लावलेला होता म्हणून तो बाहेर फेकला गेला नाही. तरी डोक्याच्या मागे टेंगूळ आलेच. रुग्णांना शहाणपण शिकविणारी मी त्या दिवशी भर बाजारात रडवेली झाले. रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिले.

तेव्हापासून सांगते, की मुठीला पिशवी अडकवू नका. गाडीखाली टोपली असल्यास हलके सामान तिच्यात ठेवा. नसल्यास पाठीवरची पिशवी वापरा. आणि मूल डोक्यावर पडलेच, तर बेशुद्धी, वारंवार उलटी, असाधारण सुस्ती, झटके, न थांबणारे रडणे, नाका-कानातून रक्त वा पाणी येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एसटी, रेल्वे आणि विमान

कारंजाला गुरुमंदिरात, पोहरादेवीला किंवा शेगावला आपण सहकुटुंब जातो, तेव्हा या गाडीचा खरा उपयोग होतो. एसटी येण्यापूर्वीच मूल कडेवर व गाडी मिटलेली असावी. बस समोर उभी राहिल्यावर घाई करताना बोटे सापडतात. यासाठी सोबत दोन माणसे हवीत, एक मुलासाठी व एक गाडीसाठी. वाशीम किंवा अकोल्याच्या फलाटावर गाडी रुळांना समांतर उभी करून ब्रेक लावावा. फलाटाचा उतार डोळ्यांना जाणवत नाही, चाकांना जाणवतो. पायऱ्यांवरून मुलासकट गाडी उतरवू नये आणि पुण्या-मुंबईत सरकत्या जिन्यावर तर मुळीच नेऊ नये, लिफ्ट शोधावी.

रस्ता ओलांडताना हे लक्षात असू द्या, की गाडी आपल्या पुढे असते. आपण वाहन येते का हे पाहण्यापूर्वीच मूल रस्त्यावर पोहोचलेले असते. म्हणून कडेला थांबून, गाडी आपल्या बाजूला घेऊन, दोन्हीकडे पाहावे.

मुला-मुलीकडे परदेशी जाणाऱ्या आजी-आजोबांनी आपल्या विमान कंपनीला आधी विचारावे. पुष्कळ कंपन्या मिटणारी गाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, परंतु नियम सारखे नसतात.

ऊन, झाकण आणि वेळ

आमच्या वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो. गाडीतले मूल तापलेल्या रस्त्याच्या आपल्यापेक्षा जवळ असते आणि त्याचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. सकाळी दहा ते सायंकाळी पाच गाडी बाहेर काढू नये. उन्हात ठेवलेल्या गाडीचे बक्कल मुलाच्या मांडीला चटका देते; आधी हात लावून पाहावे. आणि ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा पातळ चादर टाकून ती चहूबाजूंनी झाकण्याची रीत सोडावी. आत हवा कोंडते, उष्णता वाढते आणि मूल दिसेनासे होते. टप पुढे ओढावा, सुती टोपी घालावी, पाणी पाजावे. सहा महिन्यांखालील बाळाला आईचे दूधच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात गाडीत किंवा पाठीशी बांधून मुलाला सलग एक तासापेक्षा अधिक वेळ जखडून ठेवू नये, असे सांगितले आहे. मुलाला रांगायचे, पडायचे, उठायचे असते. चालू लागलेल्या मुलाला गाडीतून अर्धे अंतर न्यावे आणि उरलेले बोट धरून चालवावे. मूल गाडीतच झोपले, तर घरी पोहोचताच सपाट अंथरुणावर निजवावे.

घरातून निघण्यापूर्वी

१. खटका पूर्ण बसला का?
२. चाके व ब्रेक ठीक आहेत का?
३. पाचही टोकांचा पट्टा लावला का?
४. मुठीला पिशवी नाही ना?
५. पायांत सपाट, न घसरणारी पादत्राणे आहेत का? साडीचा पदर, धोतर किंवा ओढणी चाकात जाणार नाही ना?
६. आज स्वतःला चक्कर, अशक्तपणा नाही ना? असल्यास आजचे काम उद्यावर.

त्या आजींच्या मुलाने दुसऱ्या वेळी आईला सोबत नेले. दुकानदाराने चार गाड्या काढल्या. आजींनी त्या साऱ्या दुकानाबाहेरच्या खडीवर ढकलून पाहिल्या आणि तिसरी पसंत केली. पाठीचे दुखणे उतरून माझी परवानगी मिळेपर्यंत ती सून वापरत होती. आता संध्याकाळी ऊन कलल्यावर आजी सिमेंटच्या रस्त्याने देवळापर्यंत जातात, पारावर बसून ब्रेक लावतात आणि नातवाला मांडीवर घेतात. लोक काय म्हणाले, हे मी मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, "काय म्हणतीन बाई, आता शेजारीन पुसते, गाडी कुठून आनली."

घरात लहान मूल आणि वयस्कर माणूस दोन्ही असतील, तर या रविवारी एवढेच करा: आजीला सरळ उभे करून जमिनीपासून तिच्या बेंबीपर्यंतची उंची मोजा, कागदावर लिहा आणि दुकानात जाताना तो कागद व आजी, दोघांनाही सोबत न्या.